पोळ्याच्या दिवशी थार गाऱ्यात, बैल सुट्टीवर (आणि नंबर प्लेट बेपत्ता)

पांदणवाला नागपूर

राजेहो, हसायचं तेवढं आधी हसून घ्या. शेवटी एक मदत पाहिजे.

पोळ्याला मामाच्या गावी गेलो होतो. दारव्हा आणि आर्णीच्या मधात. डांबरीनं गेलं तर फाट्यावरून वळसा, अकरा किलोमीटर. पांदणीनं तीन. मागच्या दिवाळीत घेतलेली थार, डिझेल, फोर बाय फोर. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, हे मला बायकोच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ. बायको म्हणाली डांबरीनं चला. मी म्हणालो, मग गाडी घेतली कायले?

पहिला किलोमीटर मस्त गेला. पुढं मामाच्या धुऱ्याजवळ आदल्या रात्रीचं पाणी मुरलेलं, वरून हिरवंगार गवत. पुढची चाकं गवतावरून गेली, मागची बसली. मी ॲक्सिलेटर दाबला. मग फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून अजून दाबला. चाकं फिरून राहिली आणि गाडी फक्त खाली जाऊन राहिली. उतरायला दार उघडलं तर दाराची खालची कड मातीला घासली. टायर म्हणून काही दिसतच नव्हतं, चार काळे लाडू. पान्याच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन नक्षीतली माती कोरायला बसलो, तर ती टायर सोडून स्क्रू ड्रायव्हरला चिकटली. तिथून बोटाला. बोटावरून शर्टाला.

चपला हातात घेऊन गावात गेलो. मामाला म्हटलं बैल द्या. मामा म्हणे, "काल त्यायचे खांदे शेकले, तूप-हळद लावली, आवतण देल्लं. जेवाले बोलावलेल्या पाव्हण्याले तू आज कामाले लावतं का?" विषय तिथंच संपला. ट्रॅक्टर होता, तर त्याच्याही बोनेटवर झेंडूची माळ आणि त्याचा ड्रायव्हर तोरणाखाली नाचण्यात. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर, त्या दिवशीही बैलाच्या मानेवर जू नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लाल्या-सर्ज्या आले आणि दहा मिनिटांत गाडी बाहेर.

मदत ही, की समोरची नंबर प्लेट तिथंच गाऱ्यात, म्हणजे चिखलात, राहिली. घरी आल्यावर लक्षात आलं. त्या बाजूचं कोणी असेल तर नजर ठेवा.

जिप्सी मूलवाली

वहिनी बरोबर होत्या. धागा बंद करायला हरकत नाही.

कोल्हापुरी पाना

भावा, आधी शब्द सुधार. पाणंद असतंय ते. पांदण काय, चांदण काय.

आणि आमच्याकडं बेंदूर कधीच उरकलेला असतोय. तुमच्या पोळ्यापर्यंत आमची बैलं सुट्टी विसरून कामाला लागल्यात. पुढच्या वेळी इकडं येऊन रुत.

बंडीवाला

मी त्याच तालुक्यातला हाय. नागपूरवाले भाऊ, तुमची गोठ अर्धी खरी हाय. दहा मिनिटं म्हणता, अन् त्याच्या आंधी काय झालं थे सांगतलंच नाही. मी होतो तिथं. मीच नाडा, म्हंजे जाड दोर, आणला होता.

सकाळी सहापासून तुमचे मामा अन् दोन गडी फावडं घेऊन पोटाखालची माती काढत होते. पाण्याले वाट करून देल्ली, चर खांदून धुऱ्याच्या खालच्या अंगाले काढलं. मंग मागच्या साली ठेवलेल्या तुराट्याचे चार भारे चाकाखाली कोंबले. टायरातली हवा सोडली. एवढं झाल्यावर दोन जोड्या लावल्या, एक नाही. एका जोडीनं येवढं धूड निंघत नसते. तवा तुम्ही कुठी होते? मचाणावर बसून चहा पीत होते अन् फोनले रेंज पाहत होते.

काळ्या मातीचं एकच हाय, चाक फिरलं का काम गेलं. पहिल्या झटक्यालेच पाय काढून घ्याचा. उतरून पाहाचं. रिव्हर्स टाकून आल्या चाकोरीनंच मांगं जाचं. तुम्ही समोरच दाबत रायले.

पांदणवाला नागपूर

फोनला रेंज पाहत होतो कारण ऑफिसला "प्रकृती बरी नाही" असं कळवायचं होतं. बाकी सगळं मान्य.

पाचशेचाळीस

मी गप्प बसणार होतो पण राहवत नाही. माझी महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, बासष्ट घोडे, त्यातले दोन-चार आता म्हातारे झाले असतील. टर्बो नाही, सेन्सर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. माझा बुढा हीच जीप घेऊन भर पावसाळ्यात वणीहून घाटंजीला जात होता. काच पुसायला आई बाजूला बसायची.

गाडी हलकी, टायर अरुंद. अरुंद टायर गारा कापत खाली कडक थरापर्यंत जातो आणि तिथं पाय रोवतो. तुमच्या गाडीचे रुंद टायर गाऱ्यावर तरंगायला जातात, तरंगत तर नाहीतच.

जिप्सी मूलवाली

काका, तुमची जीप उभी राहते तिथं तेलाचा डाग पडतो. तुम्ही कुठून कुठं गेलात हे सगळ्या जिल्ह्याला मागावरून कळतं.

हलक्या गाडीचं म्हणाल तर मारुती जिप्सीच. १२९८ सीसी, टनाच्या आसपास वजन. रुतली तर चार पोट्टे उचलून बाजूला ठेवतात. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जाऊन बघा, कंपनीनं २०१९ला गाडी बंद केली तरी रांगेत अजून त्याच उभ्या. हिरवा रंग मारला की वयाचं कोण विचारतो.

पाचशेचाळीस

बाई, मागच्या पावसाळ्यात उमरेडच्या पुढं तू फोर बाय फोर टाकून पाऊण तास शिव्या देत होतीस आणि समोरची चाकं ढिम्म. समोरच्या चाकांचे हब कोणी लॉक करायचे होते? खाली उतरून हातानं फिरवावे लागतात ते, जिप्सीच ती.

जिप्सी मूलवाली

ते इथं सांगायचं नाही असं ठरलं होतं.

गुरुजी पुसदकर

मुलांनो, वाद टायरांचा नाही, मातीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट झिजून ही काळी माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे, पानापानांत पाणी शिरतं आणि माती फुगते. वैशाखात तीच आकसून अशा भेगा पडतात की लहानपणी माझी विटी त्यात गेली ती गेलीच. ओली असताना साबण आणि डिंक दोन्ही एकाच वेळी. चाकाखाली घसरते आणि चाकाला चिकटते.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर मोठे, तिरपे, लांब-लांब दात असतात. फिरताना माती बाजूला फेकली जाते. शहरी टायरच्या बारीक खाचांतून ती निघत नाही. एकदा खाचा भरल्या की टायर गोटा झाला म्हणून समजा. मग यंत्र साठ घोड्यांचं असो की सव्वाशे.

पाचशेचाळीस यांचं "कडक थर" मुरमाच्या पांदणीत खरं आहे. अडाण-अरुणावतीच्या काठच्या भारी जमिनीत तो थर माणूसभर खोल असतो. तुमच्या वडिलांच्या वेळी पांदणीवर रेंग्या-बंड्यांची वर्दळ होती, चाकोरी दाबून पक्की झालेली असायची. हल्ली वर्षात चार ट्रॅक्टर जातात.

कोल्हापुरी पाना

गुरुजींनी भूगोलाचा तास घेतला. हजेरी लावा रे.

पण एक विचारतो. थारला मागं लॉकिंग डिफरन्शियल असतंय की. मग का अडकली?

जिप्सी मूलवाली

साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला अडथळा कमी ते फिरतं, दुसरं नुसतं बघत बसतं. लॉक झालं की दोन्ही फिरतात. इथं दोन्ही चाकं लाडू झालेली. मग लॉकनं काय केलं, तर एका खड्ड्याच्या जागी दोन खड्डे नीट समान खोलीचे खणले.

आणि प्लेटचं. नाडा हुकाला बांधताना प्लेटच्या वरून घेतला असणार. बैलांनी ताण दिला की ओला नाडा किसणीसारखा घासतो, रिव्हेट तुटतात. प्लेट गेली हे स्वस्तात झालं. मी एका रिकव्हरीत पाहिलंय, बंपरला बांधलेला पट्टा सुटून मागच्या गाडीची काच फोडून आत. हुकालाच बांधा, ताण असलेल्या दोरावर गोणपाट किंवा जुनं जॅकेट टाका आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट लांब उभं करा. पोळ्याच्या गावात हे शेवटचं जमणार नाही, माहीत आहे.

पांदणवाला नागपूर

आता खरी गोठ सांगतो, गाडीपेक्षा भारी.

करीच्या रात्री गाडी एकटी सोडवेना म्हणून मामासोबत जागलीला गेलो. मचाण गाडीपासून चाळीस पावलं. मामाकडे पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची भरमार, म्हणजे नळीतून ठासायची बंदूक, आहे, आज्याच्या वेळची. लांब नळी, दस्त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, आणि नाक जवळ नेलं की जुन्या फटाक्यांचा वास. मामा फक्त बंदुकीची दारू भरतात, छर्रा नाही. आवाज झाला की डुकरं पळतात.

दोनच्या सुमारास पऱ्हाटीत खसखस. मी कुजबुजलो, मामा, डुक्कर! मामा शांत. शिंगातून दारू ओतली. चिंधी कोंबली. गजानं ठासली. टोपीची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टिकलीची, डबी शोधली. चष्मा शोधला. डबी उघडली. तोवर डुकरं गाडीपर्यंत पोचून मागच्या बंपरला पाठ खाजवून राहिली होती. मामांनी नळी आकाशाकडे केली, घोडा ओढला. "फट्." नुसती टोपी वाजली. दारू दमट.

एका डुकरानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि परत खाजवायला लागलं. शेवटी मी खिशातल्या चावीचं बटण दाबलं. गाडीचे दिवे लागले, हॉर्न बोंबलला, डुकरं पळाली. दोन दिवसांत गाडीनं केलेलं हे एकमेव काम.

नेमबाज अमरावती

हसून पोट दुखलं. मामांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी एक गोष्ट अगदी आमच्या शूटिंग रेंजसारखी केली. टोपी वाजून बार नाही झाला, तरी नळी लगेच खाली आणली नसेल ना?

पांदणवाला नागपूर

नाही. बराच वेळ तशीच वर धरून बसले. मी खाली वाकून बघायला गेलो तर दस्त्यानं नाही, कोपरानं हाणलं मला.

नेमबाज अमरावती

बरोबर हाणलं. दमट दारू उशिरानंही पेटू शकते. बंदूक भरलेलीच समजायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, तुमच्या मामांना आज्यानं शिकवलं असेल.

पांदणवाला नागपूर

पोळ्याच्या संध्याकाळी मी म्हटलं होतं, मामा, तोरण तुटलं की एक बार होऊन जाऊ द्या हवेत. मामा म्हणे, परवाना वावरासाठी हाय, वरातीसाठी नाही.

गुरुजी पुसदकर

मामा कायदा जाणतात. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारानं दुसऱ्याचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाच्या परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. ठासणीच्या बंदुकीचा पीक-संरक्षणासाठी १९५९च्या मूळ कायद्यातच वेगळा उल्लेख आहे.

जाता जाता, बारा बोअर म्हणजे काय हे किती जणांना माहीत आहे? नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी, तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. म्हणून बारा. वीस बोअरची नळी त्यामुळे बारापेक्षा लहान. आकडा वाढला की भोक कमी. पगाराचं उलटं.

बंडीवाला

गुरुजी, त्या बंदुकीचं अजून एक सांगा न. निवडणूक आली का ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. आमच्या काकाची बंदूक घरी कमी अन् ठाण्यात जास्त राह्यते. डुकराले आचारसंहिता लागत नाही, थे बराबर त्याच महिन्यात येते.

अन् रोह्याचं, म्हंजे नीलगाईचं, त विचारूच नका. त्याले हात लावाचा नाही, वनखात्याचा कागद पायजे. कागद येईपर्यंत तूर साफ.

कोल्हापुरी पाना

नेमबाजीचा विषय निघाला म्हणून नुसतं आठवण करून देतो. पॅरिस २०२४, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्य. स्वप्निल कुसाळे. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी, जिल्हा सांगायची गरज आहे काय? आणि तेजस्विनी सावंत, २०१०ची जगज्जेती. तुमचा मामा फट् करतोय.

पांदणवाला नागपूर

आमच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ला महिला बुद्धिबळाचा विश्वचषक घेऊन आली. एक गोळी न झाडता.

कोल्हापुरी पाना

हे चिटिंग हाय.

पाचशेचाळीस

नेमबाजताई, एक विचारू का? ते एअर रायफलवाले जाकीट-पँट घालून रोबोसारखे उभे राहतात, दहा मीटरवरून कागदाला गोळी मारतात. दहा मीटर म्हणजे आमचं आंगण. यात कठीण काय आहे?

नेमबाज अमरावती

काका, त्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. गोळी साडेचार मिलिमीटरची. म्हणजे ज्याला मारायचं ते गोळीच्या नऊपट लहान. त्यातही मधोमध लागली तर १०.९, जरा सरकली की १०.३. असे साठ शॉट, उभ्यानं, साडेपाच किलोपर्यंतची रायफल धरून. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत घोडा दाबायचा, नाहीतर छातीचा ठोका नळीच्या टोकाला दिसतो. तुम्ही पेट्रोल पंपावर खिडकीतून पैसे देता तेव्हा तुमचा हात किती हलतो ते आठवा.

आणि घरी सरावाची साधी एअर रायफल असेल, ०.१७७ इंच बोअरची आणि वीस ज्यूलच्या आतली, तर परवाना लागत नाही. म्हणून कोणी वानरांवर चालवू नका. ते शिकार ठरतं आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसतं.

बंडीवाला

ताई, तुमाले मानलं. पण आमच्या आईसमोर नाही चालाचं. ती गोफणीनं तीस पावलावरून वानराच्या *बाजूच्या* फांदीले मारते. वानराले नाही, फांदीले. वानर समजून जाते.

नेमबाज अमरावती

ही लढत झालीच पाहिजे. मी रायफल आणते, काकूंची गोफण. लक्ष्य तुम्ही ठरवा.

पाचशेचाळीस

कापूस वेचणीच्या आधी एक रविवार धरा. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. हरेल त्यानं गोवऱ्या आणायच्या. पांदणवाल्यानं डांबरीनं यायचं.

जिप्सी मूलवाली

मी भाजीचं पाहते. तिखट सावजीचं की माणसाचं?

कोल्हापुरी पाना

मी येतोय. तांबडा-पांढरा घेऊन. तुमच्या तर्रीला रस्सा म्हणत नाहीत हे एकदा दाखवायचंच हाय.

बंडीवाला

या. रेल्वेनं या, गाडी आणू नका, बैल मोकळे नाहीत.

अन् तुम्ही लोक फोर बाय फोर, फोर बाय फोर करता. आमची बैलजोडी म्हणजे एट बाय एट. आठही पायाले वेगळा ब्रेक, वेगळं डोकं. तळेगाव दशासरच्या शंकरपटात या कधी. सेकंदाच्या काट्यावर जोड्या पळतात. २०२३ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा रस्ता मोकळा केला तवा आमच्या गावात पेढे वाटले होते. तुमच्या ऑफ-रोडिंगच्या आंधीचं ऑफ-रोडिंग हाय थे.

भाच्यासाठी झडती, म्हंजे पोळ्याचं गाणं, लेहली हाय. पुढच्या पोळ्याले तोरणाखाली म्हणणार.

*पोळा आला पोळा, भाचा निंघाला भोळा,*
*चार चाकं फिरली, गाऱ्याचा झाला गोळा.*
*मामा म्हणे भाच्या, बैल आज पाव्हणा,*
*डिझेलचा तुहा घोडा, त्यालेच म्हण धावना!*
*सर्ज्यानं देल्ला खांदा, लाल्यानं घेतली उडी,*
*नंबर रायला मातीत, घरी आली कुडी!*
*एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!*

गुरुजी पुसदकर

"कुडी" झकास. शंभरपैकी शंभर. "धावना"ला अर्धा गुण कापला होता, परत दिला.

पांदणवाला नागपूर

माझी इज्जत आता पुढच्या पिढ्या गाणार. बरं, प्लेटचं काय? पोलिसात हरवल्याची तक्रार दिली, नवीन प्लेटला अर्ज केला, तिथं पुढची तारीख दिवाळीनंतरची. चौकात रोज कोणीतरी अडवतो आणि मी त्याला पोळ्याची गोठ सांगतो. कालचा हवालदार आमच्याच बाजूचा निघाला. हसला, पण पावती फाडली.

बंडीवाला

प्लेट सापडली. आठ दिवस झाले.

पांदणवाला नागपूर

मग आता सांगून राहिला का?

बंडीवाला

मामानं सांगू नको म्हणलं. डवरणी (बैलाची कोळपणी) करताना डवऱ्याच्या पासेत अडकून आली. धुतली, अन् मचाणाच्या बल्लीले तारेनं टांगली, खाली बैलाची जुनी घुंगरं. वारा सुटला का खणखण वाजते, अन् रात्री बॅटरी पडली का चमकते. आठ दिवसांत त्या कोपऱ्यात एक रोही आला नाही. भरमारीनं जे चाळीस वर्षांत झालं नाही थे तुमच्या नंबरानं केलं.

आईनं परवा गोफणीचा हात साफ करून घेतला. तुमचा शेवटचा आकडा आता आठ हाय का शून्य, थे नीट सांगता येत नाही.

नेमबाज अमरावती

किती पावलांवरून?

बंडीवाला

पस्तीस. अन् प्लेट वाऱ्यानं हलत होती.

नेमबाज अमरावती

गोवऱ्या मी आणते.

पांदणवाला नागपूर

आत्ताच मामाला फोन केला. म्हटलं, प्लेट द्या, येतो न्यायला. मामा म्हणे, "कापूस निंघू दे, मंग ने. अन् दुसरी बी काढून पाठव, वरच्या धुऱ्याले काहीच नाही."